केबिनमध्ये कोण बसलंय, हे विचारायचं कुणी?

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा
यांस,

२२ जुलै २०२५ रोजी आपण गडचिरोलीतल्या कोनसरीला आला होतात. हेडरीचा लोहखनिज दळण्याचा प्रकल्प आणि तिथून कोनसरीपर्यंत येणारी पाइपलाइन त्या दिवशी सुरू झाली. वर्षाला ४५ लाख टनांच्या पोलाद कारखान्याचं भूमिपूजनही आपल्याच हस्ते झालं. गडचिरोली देशाचं पोलाद केंद्र होणार, हे आपण जाहीर सभांतून वारंवार सांगितलं आहे. होवो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा 'मागास, दुर्गम, नक्षलग्रस्त' ही तीन विशेषणं ऐकून कंटाळला आहे. माझं आयुष्य आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवण्यात गेलं. पोरांना काम हवंय आणि काम कारखान्यातच आहे, हे मी रोज पाहत आलो. तेव्हा हे पत्र कारखान्याविरुद्ध नाही. माझं म्हणणं एका माणसापुरतं आहे. तो क्रेनच्या केबिनमध्ये बसतो आणि त्याला ते काम कुणी शिकवलं, हे चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

पोलाद निघायला अजून अवकाश आहे. त्याआधी पोलाद उभं करावं लागतं. खांब, गर्डर, भट्टीचं कवच, चिमणीचे तुकडे, शेडचे ट्रस या प्रत्येक वस्तूला कुणीतरी पट्टा बांधणार, कुणीतरी हात वर करून खूण करणार आणि कुणीतरी लिव्हर ओढणार. पुढची काही वर्षं कोनसरीत हे रोज, दिवसरात्र चालेल. चंद्रपूर जिल्ह्यात तर ते कधीच थांबलेलं नाही. ऊर्जानगरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने, घुग्घूसचा स्पंज आयर्न, बल्लारपूरची पेपर मिल, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी यांत कुठे ना कुठे दुरुस्तीचं शटडाउन चालूच असतं. शटडाउन म्हणजे कमी दिवसांत जास्त उचल, आणि बाहेरून भाड्याने आणलेली माणसं नि यंत्रं.

या भाड्याच्या यंत्रांत सगळीकडे दिसते ती हायड्रा क्रेन. पडोली, ताडाळी, घुग्घूसच्या रस्त्यांवर ती उभी असते: पिवळी, चार चाकांची, पुढे बूम म्हणजे लांब होणारा दांडा, आणि हूक. वजन उचलून ते लटकत ठेवूनच ती चालते, हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. जुन्या घडणीत ऑपरेटरची बैठक मागे असते. पुढ्यात बूम आणि लटकतं वजन, त्यामुळे समोरचं त्याला पुरतं दिसत नाही. वजन हेलकावू नये म्हणून एक हेल्पर ते हाताने धरून गाडीच्या पुढे, चाकाच्या अगदी जवळ चालत राहतो. पाय अडखळला, गाडी खड्ड्यात दचकली किंवा ऑपरेटरचा अंदाज वीतभर चुकला, तर जीव हेल्परचा जातो. केबिनमधल्या माणसाला बहुधा खरचटतही नाही. लांब दोर बांधून दुरून वजन सावरायची पद्धत जगभर आहे आणि दोराची किंमत किरकोळ आहे. देशातल्या काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या आवारात जुन्या घडणीची हायड्रा येऊच द्यायची नाही असं ठरवलं. मग ती गाडी लहान ठेकेदाराकडे जाते. आमच्याकडे ती येते ती अशी.

आता हिचा ऑपरेटर कसा घडतो ते सांगतो. दहावी-बारावी झालेला मुलगा हेल्पर म्हणून लागतो. गाडी धुतो, ग्रीस भरतो, चहा आणतो, पट्टे बांधतो, "आरिया, आरिया" म्हणत वजन खाली घ्यायला लावतो. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद त्याला लिव्हरला हात लावू देतो. एक दिवस उस्ताद लग्नाला गावी जातो, साइटवरून फोन येतो आणि गाडीमालक म्हणतो, "आज तूच चालव ना बे, जमते तुले." त्या दिवसापासून तो ऑपरेटर. त्याच्या खिशात आरटीओचा परवाना असतो, कधी हेवीचा, कधी तोही नसतो. पण परवाना रस्त्यावर गाडी हाकण्याचा. हूकला किती टन लावायचे, किती लांबून, कोणत्या जमिनीवर, हे त्यात कुठेच तपासलेलं नसतं. पोरगा हुशार असतो, यात शंका नाही. पाहून जेवढं शिकता येतं तेवढं तो शिकतो. अडचण अशी की या कामातल्या जीवघेण्या गोष्टी पाहून कळत नाहीत.

एक उदाहरण देतो. १४ टनी हायड्रा १४ टन उचलते, पण बूम पूर्ण आत आणि वजन अगदी पुढ्यात असेल तरच. बूम बाहेर काढत नेलं की तीच गाडी दोन-तीन टनांवर येते, कधी त्याहून खाली. गाडी मधोमध वळणारी असेल तर वळलेल्या स्थितीत तिचा तोल आणखी घटतो. केबिनमध्ये एक तक्ता लावलेला असतो, त्याला लोड चार्ट म्हणतात. बूमची लांबी, वजन किती अंतरावर, किती उचलता येईल, हे सगळं त्यात असतं. बऱ्याच गाड्यांत तो इंग्रजीत असतो, उन्हाने विटलेला असतो किंवा त्यावर देवाचा फोटो चिकटवलेला असतो. फोटोला माझी हरकत नाही. तो तक्त्यावर नको, शेजारी लावावा.

दुसरी गोष्ट पट्ट्याच्या कोनाची. दोन पट्ट्यांनी १० टनांचा गर्डर उचलायचा आहे. पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर ५ टन येतात. पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर साधारण पावणेसहा टन, ४५ अंशांत ७ टनांच्या वर आणि ३० अंशांत प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण १० टन. गर्डर तोच, पट्टे तेच, फक्त हूक खाली राहिला आणि पट्टे पसरले. ५ टनी पट्टे लावून "दोन लावलेत ना, झाले दहा टन" म्हणणारे सुपरवायझर मी पाहिले आहेत, आणि ते बिनडोक नव्हते. दोघांनी पाण्याची घागर उचलताना अंगाला अंग लावून चाललं तर ती हलकी लागते, लांब लांब राहिलं तर हात ओढले जातात. हे विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला कळतं. साइटवर ते आकड्यांत शिकवावं लागतं. फळा, खडू आणि पट्टा बांधलेला एक लोखंडी तुकडा हाताशी असला तर त्याला एक दुपार पुरते. पण ती दुपार कुणी देत नाही.

साहेब, कायद्याने यंत्राची काळजी घेतली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ ने उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी बंधनकारक केली. चालत्या क्रेनच्या रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ द्यायची नाही, हेही त्यातच होतं. कामगाराच्या बाजूनेही एक कलम होतं, १११-अ. सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क आहे. ते कारखान्यात द्या, नाहीतर मान्यताप्राप्त संस्थेत पाठवा, असं ते सांगत होतं. हे कलम कामगारांच्या फारसं कानावर नव्हतं आणि मालकांच्या तर मुळीच नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १३ कायदे एकात आले. तिच्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट कारखान्यात ५०० कामगार झाल्यावर आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०, बांधकामावरही २५०, खाणीत १००. आता दोन हायड्रा आणि सहा माणसं घेऊन येणाऱ्या गाडीमालकाचं बघा. तो उपठेकेदाराचा उपठेकेदार असतो. त्याच्यापर्यंत ही अट पोहोचतच नाही. यंत्राचं प्रमाणपत्र गेटवर मागितलं जातं, माणसाचं कधी मागितलंच तर झेरॉक्स चालते.

आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात याच्या अगदी उलट व्यवस्था सहा दशकांपासून आहे, हे विशेष. खाणींसाठी १९६६ चे व्यवसाय प्रशिक्षण नियम आले. खाणीत पाऊल ठेवणाऱ्याला आधी प्रशिक्षण, आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा उजळणी. बल्लारपूर, माजरी, वणी भागांतल्या वेकोलि कामगाराला 'व्हीटी' (व्होकेशनल ट्रेनिंग) म्हटलं की लगेच समजतं. कुणी म्हणेल, तिथेही अपघात होतात. होतात, आणि तिथल्या प्रशिक्षणातही ढिलाई शिरलेली आहे. तरी शिकल्याशिवाय काम नाही, ही गोष्ट तिथे वादाची उरलेली नाही. म्हणजे कुंपणाच्या आत, खाणीत डंपर चालवणाऱ्याला शिकवायचं, आणि कुंपणाबाहेर कारखाना उभारताना ४० टनांचा गर्डर हवेत नेणाऱ्याला नाही. या फरकाचं समर्थन मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

बांधकामाच्या साइटवर प्रशिक्षण म्हणून जे असतं त्याला इंडक्शन म्हणतात. एका खोलीत पन्नास माणसं, टीव्हीवर हिंदी व्हिडिओ, शेवटी रजिस्टरवर सही किंवा अंगठा, आणि गेटपास. गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसांकडे पाहा. एटापल्ली-भामरागडचा मुलगा माडिया बोलतो, सिरोंचाचा तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शीच्या वसाहतींमधला बंगाली, ऑपरेटर बिहार-झारखंडचा. बोलण्यात गोंधळ होणारच. म्हणून तर हाताच्या खुणा आहेत: बोट वर करून गोल फिरवलं की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, दोन्ही हात आडवे पसरून हलवले की तत्काळ थांब. क्रेनच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक १३३६७ हे १९९२ पासून आहे. पण खुणा व्हिडिओत पाहून अंगवळणी पडत नाहीत. त्या हातांनी, रोज, चुकत-सुधारत शिकाव्या लागतात. आणि खूण करणारा एकच असला पाहिजे. साइटवर काही अडलं की पाच जण पाच दिशांनी ओरडतात आणि ऑपरेटर सगळ्यात मोठ्या आवाजाचं ऐकतो. तो आवाज बहुधा घाईत असलेल्या साहेबाचा असतो.

या जंगलात वजन उचलणं नवीन नाही. आलापल्लीच्या सागाचे ओंडके हत्तींनी ओढले. त्यांचे वंशज आज अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पात आहेत. तिथे महावताच्या हाताखाली चाराकटर असतो. चारा कापणं, हत्तीला आंघोळ घालणं, त्याचा स्वभाव ओळखणं यात त्याचा काळ जातो. हत्तीला आवडीनिवडी असतात, राग असतो. म्हणून त्याच्या मानेवर नवख्याला बसवायचं नाही, एवढं वनखात्याला कळत होतं. क्रेनला राग येत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.   

त्या गाफीलपणाची किंमत पाहा. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नवी क्रेन चाचणीच्या वेळी कोसळली आणि ११ जण गेले. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री शहापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं लाँचर यंत्र कोसळलं. २० कामगार मेले, बहुतेक परप्रांतातले. मदत जाहीर झाली, चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले. आणि मक्केत ११ सप्टेंबर २०१५ ला वादळात कोसळलेल्या महाकाय क्रेनने शंभरावर यात्रेकरूंचे प्राण घेतले. वापरात नसलेल्या त्या क्रेनची बूम उभीच ठेवली होती. वारा सुटला तर बूम खाली घ्यायची, हा धडा पहिल्या आठवड्यात शिकवायचा असतो.

कोनसरीसाठी मला यापेक्षा जास्त भीती वाटते ती पुढच्या टप्प्याची. १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या ल्याओनिंग प्रांतात एका पोलाद कारखान्यात वितळलेल्या पोलादाने भरलेली लेडल क्रेनवरून सुटली. सुमारे ३० टन रस होता. शेजारच्या खोलीत पाळी बदलायला कामगार जमले होते. ३२ मेले. चौकशीत निघालं की तिथे लेडलसाठी बनवलेली क्रेनच नव्हती, साधी क्रेन लावली होती. एकात्मिक पोलाद कारखाना म्हणजे अशा लेडलच्या फेऱ्या, रात्रंदिवस. त्या क्रेनवर बसणारा माणूस आज गडचिरोलीत शाळेत शिकत असेल. त्याला शिकवायला आपल्याकडे काही वर्षं आहेत. ती वापरली नाहीत तर ऑपरेटर बाहेरून येतील, आणि स्थानिक पोरगा खाली हेल्पर म्हणून उभा राहील.

स्थानिकांना जमणार नाही, हे मला कुणी सांगू नये. सुरजागडच्या लोहखनिज खाणीत आदिवासी मुली अवजड वाहनं चालवू लागल्या, त्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. कदाचित त्यांच्याशी बोललाही असाल. खाण चालवणाऱ्या कंपनीने त्यांना शिकवलं, त्या शिकल्या. हे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मागणी अशी. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी शासनाचं एक उचल-यंत्र प्रशिक्षण व परीक्षा केंद्र काढा. तिथे खऱ्या क्रेन हव्यात: हायड्रा, टेलिस्कोपिक आणि शेडमध्ये डोक्यावरून फिरणारी ईओटीसुद्धा. मुद्दाम बनवलेली काळ्या मातीची चिखलाची पट्टी हवी. पाऊस पडल्यावर आउटरिगर म्हणजे क्रेनचा आधारपाय कसा रुततो आणि त्याखाली फळ्या का घालायच्या, हे तिथेच कळेल. उच्चदाब तारेची नकली ओळ हवी, कारण ऊर्जानगरहून चारी दिशांना वाहिन्या निघतात आणि बूम तारेला लागणं हा इकडचा ओळखीचा धोका आहे. ऑपरेटरबरोबर पट्टे बांधणारा रिगर आणि खूण करणारा, तिघांनाही शिकवा आणि तिघांचीही परीक्षा घ्या. परीक्षा घेणारा त्यांना नोकरी देणाऱ्या कंपनीचा नसावा. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी प्रत्येक उचल आधी सक्षम माणसाने आखली पाहिजे, असं ठरवलं. अमेरिकेत बांधकामावरच्या क्रेन ऑपरेटरला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपल्याला काही जगावेगळं करायचं नाहीये.

पैसा नाही, हे उत्तर कृपया देऊ नका. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित भागासाठीच असतो आणि कौशल्य विकास त्याच्या अग्रक्रमाच्या बाबींत आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळाने भांड्यांचे संच वाटले. बायाबापड्यांना उपयोग झाला, त्याला नावं ठेवणार नाही. पण पट्टा तुटून गेलेल्या माणसाच्या घरी त्या भांड्यांत काय शिजवायचं?

आणखी एक अट घाला, जी खर्चाची नाही. प्रमाणपत्रधारक ऑपरेटरने "हे वजन उचलणार नाही" असं कारणासह लिहून दिलं तर त्याचा गेटपास रद्द होणार नाही, हे प्रत्येक कंत्राटात लिहायला लावा. शिकलेला माणूस नाही म्हणू शकत नसेल तर त्याचं शिकणं वाया गेलं. आज नाही म्हणणाऱ्याला संध्याकाळी फोन येतो, "उद्यापासून दुसरी गाडी बघ."

एटापल्लीहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय शंभराहून जास्त किलोमीटर आहे आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या घरात. चिरडलेल्या माणसाला एवढा वेळ मिळत नाही. भूमिपूजनाच्या दिवशी आपण शंभर खाटांच्या रुग्णालयाचीही पायाभरणी केलीत, ते लवकर व्हावं. पण पट्टा कोणत्या कोनात बांधायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या खाटेची गरज कमी पडेल.

पुढच्या खेपेला कोनसरीला आलात की ताफा एखाद्या हायड्रापाशी थांबवा. ऑपरेटरला केबिनमधला लोड चार्ट वाचून दाखवायला सांगा. त्याला वाचता आला नाही तर त्याच्यावर रागावू नका आणि त्याला कामावरून काढूही देऊ नका. मुंबईला परत जाऊन प्रशिक्षण केंद्राचा आदेश काढा.

आपला,
चंद्रपूरचा एक निवृत्त शिल्प निदेशक